बीप आली, लगेच खणू नका: मेटल डिटेक्टरने जुनी नाणी शोधण्याची पद्धत

मेटल डिटेक्टर घेऊन सहा महिने झालेल्या माणसाची पिशवी उलटी केली की बहुतेकदा हेच बाहेर पडतं: गंजलेले खिळे, बाटल्यांची झाकणं, चांदी कागदाचे बोळे आणि एखादं नाणं, ज्यावर खुरप्याचा ताजा घाव चमकत असतो. दोष मात्र मशीनला दिला जातो. मग त्याहून महागडं मशीन येतं, पण पिशवीतला माल तोच राहतो.

चूक मशीनमध्ये नसते, क्रमात असते. आधी मशीन घेतलं जातं, मग जागा शोधली जाते आणि परवानगी आठवते ती सगळ्यात शेवटी. शेतात उतरल्यावर मशीन मातीशी जुळवून न घेताच फिरवलं जातं. बीप आली की हात थेट खुरप्याकडे जातो आणि नाणं निघालं की अंगठा त्यावरची माती घासायला लागतो. खाली टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. मधला एखादा गाळला तर पुढचे तीन फुकट जातात.

१. परवानगी आधी, बाकी सगळं नंतर

जमीन कोणाची हे ठाऊक नसेल तर मशीन पिशवीतून काढायचंच नाही. "इकडे कोणी फिरकत नाही" याला परवानगी म्हणत नाहीत. मालकाला भेटा, आणि बोलणं झाल्यावर चार ओळींचं का होईना, लेखी घ्या. कुठल्या तुकड्यात फिरायचं, कधी फिरायचं, पीक उभं असेल तर काय, आणि काही सापडलं तर ते कोणाचं, एवढं त्यात यायला हवं. शेवटच्या मुद्द्याचा संकोच वाटतो म्हणून लोक तो टाळतात. सापडण्याआधी तो पाच मिनिटांत मिटतो, सापडल्यावर त्याचाच वाद होतो.

मालक हो म्हणाला म्हणजे कायदाही हो म्हणाला असं नाही. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. दहा रुपये ही मर्यादा आज वाचायला गमतीची वाटते, पण तिचा अर्थ एवढाच की जवळजवळ कुठलंही जुनं नाणं तिच्या वर जातं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे. ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन नाणी एकत्र सापडली तरी १४ दिवसांत कोरोनरला (अशा शोधांची चौकशी करणारा स्थानिक अधिकारी) कळवणं बंधनकारक आहे. फ्रान्स आणि आयर्लंडमध्ये तर पुरातन वस्तूंच्या शोधासाठी डिटेक्टर चालवायलाच आधी सरकारी परवाना लागतो. तुम्ही जिथे फिरणार तिथला नियम काय, हे मशीन घ्यायच्या आधी माहीत करून घ्या. काही ठिकाणी उत्तर "हा छंद इथे नको" असंच येईल, आणि मग मशीनचे पैसे तरी वाचतील.

सावध: संरक्षित स्मारकांचा परिसर, उत्खननाच्या जागा, जुन्या दफनभूमी इथे मालकाची चिठ्ठी असली तरी जाऊ नका. जुन्या युद्धभूमीवर आणखी एक धोका असतो, न फुटलेला दारूगोळा. मोठा, जड, लोखंडी, लांबट आकार दिसला की हात मागे घ्या, जागेवर खूण करा, लांब जा आणि पोलिसांना कळवा. हलवून बघायचं नाही.

२. नाणं कुठे पडतं, याचा विचार

माणूस जिथे थांबतो, वाकतो, बसतो आणि पैशांची देवघेव करतो, तिथे नाणं पडतं. जुनी पायवाट, नदीचा उतार, नावेचा धक्का, बाजार भरायचा ते मैदान, पांथस्थ टेकायचे ते जुनं झाड. आजचा नकाशा आणि मिळेल तितका जुना नकाशा शेजारी ठेवा. जुन्यात असलेली आणि आजच्यात नसलेली वाट सापडली तर पहिला दिवस तिथेच घालवा.

नांगरलेलं शेत चांगलं, पण नांगरल्या दिवशी नाही. ढेकळांवरून कॉइल, म्हणजे मशीनच्या टोकाची धातू हुडकणारी चकती, उड्या मारत जाते आणि जमिनीपासून उंच राहते. एक-दोन पाऊस पडून माती बसली की जा. ओलसर मातीत सहसा सिग्नलही जास्त स्वच्छ येतो आणि खणणंही सोपं. कडक उन्हाळ्यात गवताळ जमिनीवर खणू नका. मुळं तुटलेलं गवत पुन्हा धरत नाही आणि महिनाभराने तुमचे सगळे खड्डे पिवळ्या चकत्यांसारखे मालकाला दिसतात. पुढच्या वेळी परवानगी मागायला तोंड राहत नाही.

तपासून पाहा: पहिल्या तासाभरात वीतभर खोलीवरूनही सिमेंटचे तुकडे, प्लास्टिक, ताज्या विटा निघत असतील तर तो भराव आहे. माती दुसरीकडून आणून टाकलेली आहे. जागेचा इतिहास कितीही मोठा असला तरी तो त्या भरावाच्या खाली आहे. उठा आणि दुसरा तुकडा बघा.

३. सामान

नाण्यांसाठी व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी, म्हणजे कमी वारंवारतेवर चालणारं) प्रकारचं मशीन पुरतं. ते धातूंमध्ये फरक करून सांगतं. पल्स इंडक्शन मशीन खारट वाळूत आणि खनिजांनी भरलेल्या मातीत खोल जातं, पण लोखंड आणि नाणं यांत त्याला फारसा फरक कळत नाही. पहिल्यांदा घेणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. कॉइलबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय की मोठी म्हणजे चांगली. मोकळ्या, कमी कचऱ्याच्या शेतात अकरा इंची कॉइल उत्तम. पण खिळ्यांनी भरलेल्या जुन्या वस्तीच्या जागी ती एकाच वेळी तीन वस्तू बघते आणि तिन्हींबद्दल खोटं बोलते. तिथे पाच-सहा इंची कॉइल लावा. खोली कमी मिळेल, पण दोन खिळ्यांमधलं नाणं दिसेल.

बाकी यादी छोटी आहे. हेडफोन (खोलवरचा बारीक आवाज वाऱ्यात स्पीकरवर ऐकूच येत नाही), हातात धरायचा पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते सांगणारा छोटा डिटेक्टर), धारदार हातखुरपं, माती काढून ठेवायला फडका, दोन कप्प्यांची पिशवी, झिपच्या छोट्या पिशव्या, कागदाचे तुकडे आणि पेन्सिल. पेन नको, ओलाव्यात शाई पसरते. कचऱ्यासाठी वेगळा कप्पा हवाच. काढलेला खिळा परत खड्ड्यात टाकलात तर पुढच्या फेरीत तो तुम्हालाच फसवेल.

बुटात लोखंडी टोपी असेल तर ते बूट घरी ठेवा. खुरपं धरणाऱ्या हातातली अंगठी, कडं, घड्याळही काढा. नाहीतर पिनपॉइंटर खड्ड्यातल्या वस्तूबरोबर तुमच्याच हाताची खबर देत राहतो.

४. आधी पुरून शिका

हा टप्पा दहातले नऊ जण गाळतात. ओसाड कोपऱ्यात, जिथे आधी मशीन फिरवून जमीन रिकामी असल्याची खात्री केली आहे, तिथे ओळीने वस्तू पुरा. एक नाणं १० सेंटिमीटरवर, एक १५ वर, एक २० वर, सगळी आडवी. एक नाणं उभं, कडेवर. एक नाणं आणि त्याच्या शेजारी खिळा. एक झाकण, एक चांदी कागदाचा बोळा, एक वाकडा खिळा. प्रत्येकावरून मशीन फिरवा आणि फक्त ऐका, पडद्यावरचा, धातूचा अंदाज देणारा आकडा नंतर बघा.

खुणेसाठी लाकडी खुंट्या वापरा. मी पहिल्यांदा खुणेला लोखंडी खिळे ठोकले होते, आणि माझं मशीन प्रत्येक नाण्याला लोखंड म्हणतंय म्हणून ते परत करायला निघालो होतो.

या चाचणीतून खोलीचा हिशोब मात्र काढू नका. ताजी उकरलेली माती आणि वर्षानुवर्षं बसलेली माती मशीनला सारखी दिसत नाही. शिकायचा आहे तो आवाज. उभं नाणं कसं दबकं बोलतं, वाकडा खिळा एका बाजूने किती गोड वाजतो, खिळ्याशेजारचं नाणं कसं अर्ध्यात तुटतं. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं दिलीत तर पुढची दोन वर्षं सोपी जातात.

५. जागेवर मशीन लावताना: हा क्रम मोडू नका

पहिलं, रिकामी जागा शोधा. मशीन "सगळे धातू" या सेटिंगवर ठेवून दोन-तीन पावलांचा, आवाज न करणारा तुकडा निवडा.

दुसरं, ग्राउंड बॅलन्स. मातीत लोहाची खनिजं असतात आणि मशीनला तीही धातूसारखीच जाणवतात. या तुकड्यावर कॉइल जमिनीला समांतर धरून फूटभर उंचीपासून जमिनीच्या जवळपर्यंत खाली-वर करा. खाली नेताना आवाज वाढत किंवा दबत असेल तर मशीन अजून मातीला धातू समजतंय. आवाज सपाट होईपर्यंत बॅलन्स हलवा. आपोआप करणारं बटण असेल तर ते दाबून हेच खाली-वर करायचं. पण खालच्या जमिनीत एखादा खिळा असला तर मशीन त्या खिळ्यालाच माती मानून बसतं. म्हणून पहिली पायरी.

तिसरं, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक सिग्नलला बोलेल ते. सगळे ती शेवटपर्यंत चढवतात. मशीन किरकिरायला लागतं आणि त्या किरकिरीत खोलवरचं नाणं बुडून जातं. मशीन स्थिर धरा, आवाज थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरवा. शांत मशीन कमी सेन्सिटिव्हिटीवरही बडबड्या मशीनपेक्षा जास्त सापडवून देतं. विजेच्या तारांखाली किंवा दुसऱ्या डिटेक्टरवाल्याच्या जवळ किरकिर वाढते. खिशातला मोबाईलही त्रास देतो. आधी ही कारणं दूर करा, मग बटणाकडे वळा.

चौथं आणि शेवटचं, डिस्क्रिमिनेशन, म्हणजे कुठल्या धातूवर गप्प बसायचं ते. इथे सगळ्यात जास्त नाणी हरवतात. कचरा नको म्हणून लोक लोखंडाबरोबर चांदी कागद आणि ॲल्युमिनियमचे आकडेही बंद करतात. पण मशीनला धातूचं नाव कळत नाही. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र धातूत वीजप्रवाहाचे भोवरे उठवतं आणि त्यांचा प्रतिसाद किती मागे पडला, एवढंच मशीन मोजतं. पातळ चांदीचं छोटं नाणं, छोटं सोन्याचं नाणं आणि चांदी कागदाचा बोळा यांचं ते मोजमाप एकमेकांवर पडतं. कागद बंद केलात की सोनंही बंद झालं. फक्त लोखंड बंद ठेवा, तेही थोडंच. बाकीचा कचरा खणावा लागतो, त्याला इलाज नाही.

तपासून पाहा: सगळं लावून झालं की एक नाणं जमिनीवर ठेवून त्यावरून कॉइल न्या. स्वच्छ बोललं तर चला. माती बदलली, उतार संपून नदीकाठ आला, की ग्राउंड बॅलन्स पुन्हा.

६. कॉइल कशी फिरवायची

लंबकासारखी नाही. हात नैसर्गिकपणे दोन्ही टोकांना वर उचलला जातो आणि कॉइल कडेला वीतभर वर जाते. म्हणजे प्रत्येक फेरीत फक्त मधला पट्टा तपासला जातो. कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, टोकापासून टोकापर्यंत सपाट. कंबर वळवा, खांदा नको. डावीकडून उजवीकडे जायला साधारण दोन सेकंद. पुढची फेरी कॉइलच्या निम्म्या रुंदीने पुढे, कारण खोलवर कॉइलची नजर अरुंद होत जाते. फेऱ्या एकमेकांवर चढल्या नाहीत तर खाली रिकाम्या फटी राहतात.

शेत मोठं असेल तर मन मानेल तसं भटकू नका. दोऱ्या लावून दीड-दोन मीटरचे पट्टे पाडा, एक पट्टा संपल्याशिवाय दुसरा धरू नका. काही निघालेला पट्टा पुन्हा आडवा फिरा. उभं पडलेलं नाणं एका दिशेने दबून जातं आणि दुसऱ्या दिशेने बोलतं.

७. बीप आली, आता थांबा

सगळा छंद या अर्ध्या मिनिटात आहे.

हात थांबवू नका, पण पुढेही जाऊ नका. त्याच जागेवर छोट्या फेऱ्या मारा. दोन्ही बाजूंनी जाताना आवाज येतो का? एकाच बाजूने येत असेल तर संशय धरा. आवाज गोल, नेमका, प्रत्येक वेळी तसाच आहे की कधी गोड कधी फाटका? नाण्याचा आवाज सहसा आखूड आणि कडा स्पष्ट असलेला असतो. मोठ्या पत्र्याचा आवाज लांबट, पसरट असतो, आणि कॉइल फूटभर वर उचलली तरी तो बोलतच राहतो.

आता जागेवरच पाव वळसा घ्या. ज्या दिशेने फिरवत होता तिला काटकोनात फिरवा. आडव्या पडलेल्या नाण्याला सगळ्या दिशा सारख्या. खिळ्याला तसं नाही. लांबीच्या दिशेने तो टोकांवर दोनदा वाजतो, आडव्या दिशेने गुरगुरतो किंवा गायब होतो. एका जुन्या वाटेवर मला असा एक आवाज मिळाला होता, उंच, मधाळ, आकडाही चांदीच्या जवळचा. पाव वळसा घेतला तर तो चार बोटं बाजूला सरकला. पुन्हा वळलो, पुन्हा सरकला. तरीही खणलं, कारण मन मानेना. हातभर लांबीची वाकलेली लोखंडी पट्टी निघाली. लोखंड वाकडं असलं, त्याला भोक असलं किंवा ते फार गंजलेलं असलं की ते चांदीची नक्कल करतं. पण ती नक्कल सगळ्या दिशांनी टिकत नाही.

आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी, आणि त्याच मशीनवर तेच नाणं खोल गेलं की आकडा डळमळतो. मातीचा प्रतिसाद त्यात मिसळतो. माझा नियम साधा आहे: आवाज सगळ्या दिशांनी टिकला तर आकडा काहीही असो, खणायचं. आकडा सुंदर आणि आवाज वळल्यावर तुटला, तर आधी कॉइलच्या टोकाने हळूच बाजूबाजूने तपासायचं. खिळ्याच्या आड नाणंही असू शकतं, आणि अशा जागा बाकीच्यांनी सोडून दिलेल्या असतात.

८. नेमकी जागा

मशीनवर पिनपॉइंट बटण असेल तर ते दाबून उभी आणि आडवी रेघ मनात काढा. दोन्ही जिथे छेदतात ती जागा. डीडी कॉइल (आत इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी असलेली) असेल तर आणखी एक युक्ती आहे: सिग्नलवर कॉइल भराभर छोट्या झोक्यांनी हलवत हळूहळू स्वतःकडे ओढा. आवाज अचानक तुटतो त्या क्षणी वस्तू कॉइलच्या पुढच्या टोकाच्या किंचित बाहेर असते. आधी पुरलेल्या नाण्यांवर याचा सराव करा. खड्डा किती मोठा करावा लागेल ते याच टप्प्यावर ठरतं.

९. खणताना

नाण्यावरचे घाव इथे पडतात. खुरपं सिग्नलच्या मधोमध कधीच नाही. चार बोटं बाहेर, पात उभी.

गवताळ जमिनीत पूर्ण गोल कापू नका. घोड्याच्या नालेसारखा आकार कापा, एक बाजू जोडलेली ठेवा आणि तो तुकडा झाकणासारखा उलटा करा. जोडलेल्या बाजूची मुळं जिवंत राहतात, झाकण परत बसवून पायाने दाबलं की चार दिवसांत जागा ओळखू येत नाही. सुटी माती गवतावर नको, फडक्यावर.

मग पिनपॉइंटर. आधी उलटलेल्या झाकणाच्या खालची बाजू, मग खड्ड्याच्या भिंती, मग तळ, आणि मग फडक्यावरची माती. निम्म्या वेळा नाणं झाकणाला चिकटलेलं असतं आणि माणूस खड्डा खोल करत बसलेला असतो. पिनपॉइंटर बोलला की खुरपं खाली ठेवा, बोटांनी माती मोकळी करा.

सावध: शेतात नांगर पोचतो त्या थराखाली जाऊ नका. वरची माती नांगराने कितीदा तरी उलटलेली असते, तिथलं नाणं मूळ जागेवरून आधीच हललेलं. त्याखालचा थर मात्र पूर्वी पडला तसाच असू शकतो, आणि तो तुम्ही विस्कटलात तर पुन्हा कोणालाच वाचता येणार नाही.

नाणं निघालं तरी खड्डा बुजवायची घाई नको. कॉइल पुन्हा फिरवा. एका नाण्याखाली दुसरं असणं काही नवलाचं नाही.

१०. एकापेक्षा जास्त निघाली तर

दोन-चार नाणी विखुरलेली निघाली तर प्रत्येकाची जागा नोंदवा. पण नाणी एकमेकांना चिकटून, किंवा मडक्याच्या खापरांसोबत येऊ लागली तर तिथेच थांबा. हे कोणीतरी पुरलेलं आहे. खड्डा झाका, जागा कोणाला सांगू नका, मालकाला आणि तिथल्या पुरातत्त्व खात्याला कळवा.

थांबल्याने काय मिळतं याचं उत्तम उदाहरण इंग्लंडमधल्या फ्रूमजवळचं आहे. २०१० मध्ये तिथे एका डिटेक्टरवाल्याला रोमन नाण्यांनी भरलेलं मडकं लागलं. त्याने हात आवरला आणि तज्ज्ञांना बोलावलं. मडक्यात ५२,५०३ नाणी होती आणि ती एकेका थराने काढली गेली. तेव्हा दिसलं की सगळ्यात नंतरच्या काळातली बरीच नाणी वर नव्हती, मडक्याच्या निम्म्याहून खाली होती. म्हणजे कोणी वर्षानुवर्षं पैसे साठवत गेलं नव्हतं, सगळं एकाच वेळी ओतलं गेलं होतं. त्याने मडकं उपसून पिशवीत भरलं असतं तर नाणी तेवढीच मिळाली असती, ही गोष्ट मात्र गेली असती.

११. नोंद, जागेवरच

घरी जाऊन लिहीन, असं म्हणणाऱ्याची वही कोरी राहते. नाणं निघाल्या जागेवर पट्टी ठेवून फोटो, मोबाईलवरून अक्षांश-रेखांश, खोली, मातीचा प्रकार, तारीख. हे पेन्सिलने कागदावर, कागद त्याच झिपच्या पिशवीत. एका पिशवीत एकच नाणं. कडेने धरायचं, चेहऱ्यावर बोट नाही.

१२. स्वच्छता: कमीत कमी

मातीतून निघालेलं नाणं बघितलं की अंगठा आपोआप चालतो. चिकटलेल्या मातीत वाळूचे कण असतात आणि अंगठ्याखाली ते पॉलिश पेपरचं काम करतात. माझ्याकडे एक पातळ चांदीचं नाणं आहे. एका बाजूला अक्षरं कोरल्यासारखी स्पष्ट, दुसऱ्या बाजूला तिरप्या, समांतर केसासारख्या रेघा. ती बाजू मी शेतात उभ्या उभ्या, वर काय लिहिलंय ते बघायला पुसली होती. पाच सेकंदही लागले नसतील.

धातूप्रमाणे वागा:

सोनं: ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात बुडवून ठेवा, माती आपोआप सुटते. एवढंच.

चांदी: तेच पाणी, रोज बदला, दोन-चार दिवस. मऊ ओल्या केसांचा ब्रश अलगद टेकवायचा, घासायचा नाही. राखाडी-जांभळट कठीण थर असेल तर तो क्लोराइडचा असू शकतो. त्याला हात लावू नका, ते तज्ज्ञाचं काम.

तांबं, कांसं: इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. लिंबू, चिंच, व्हिनेगर, टूथपेस्ट, तारेचा ब्रश, काहीही नको. हिरवा-तपकिरी गुळगुळीत थर म्हणजे घाण नव्हे. अनेकदा नाण्याचं मूळ रूप आणि अक्षरं त्या थरातच उरलेली असतात. आम्लाने तो गेला की खाली खड्डे पडलेला गुलाबी धातू दिसतो, अक्षरं नाहीत. तांब्यावरची माती सुकू द्या आणि भिंगाखाली, बांबूच्या काडीने, कणाकणाने उचला. कंटाळा आला की त्या दिवशी थांबा.

सुकवताना ऊन किंवा हेअर ड्रायर नको. टिपकागदावर, सावलीत, दोन दिवस.

१३. ठेवण आणि महिन्यानंतरची तपासणी

मऊ, वास मारणाऱ्या पीव्हीसीच्या पारदर्शक खिशांत नाणी ठेवू नका. त्या प्लास्टिकमधून निघणारे घटक नाण्यावर हिरवट चिकट थर आणतात. आम्लरहित कागदाची पाकिटं किंवा मायलर या पारदर्शक प्लास्टिकचे खिसे घ्या, डबा घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेलची पुडी. पाकिटावर नोंदवहीतला क्रमांक.

महिन्याने डबा उघडा आणि तांब्या-कांशाची प्रत्येक वस्तू भिंगाखाली धरा. जुना हिरवा थर कठीण असतो, काडीने खरवडला तरी सुटत नाही. त्यावर कुठे फिकट, पोपटी, पिठासारखा ठिपका दिसला आणि काडी लावताच भुकटी झाली, तर ते नाणं आतून खायला सुरुवात झाली आहे. धातूत अडकलेली क्लोराइडं हवेतल्या ओलाव्याने पुन्हा जागी झाली आहेत. ते नाणं ताबडतोब वेगळ्या, कोरड्या डब्यात हलवा. पाण्यात मुळीच घालू नका. ज्या डब्यातून काढलं त्यातली सिलिका जेलची पुडी बदला आणि नाण्यासाठी संग्रहालयातल्या जतन विभागाचा सल्ला घ्या. उरलेल्या डब्याची तपासणी पुढचे तीन महिने दर आठवड्याला.